फीच्या पावतीतला दुसरा रकाना

तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका तालुक्याच्या गावातलं हे महाविद्यालय. नाव लिहीत नाही. यातली माणसं अजून तिथंच नोकरीला आहेत आणि मोकळेपणानं बोलली ती याच अटीवर. संलग्नता अर्थातच कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची. १९९० साली विद्यापीठ जळगावला आलं, त्याआधी इकडच्या पोरांच्या गुणपत्रिका पुण्याहून यायच्या. कॉलेजची कला आणि विज्ञान शाखा अनुदानित आहे. मागच्या अंगाला नवी दुमजली इमारत आहे, तिथं बीसीए आणि संगणकशास्त्र चालतं, ते विनाअनुदानित. म्हणजे पुढच्या दारानं येणाऱ्याच्या शिक्षकाचा पगार सरकार देतं आणि मागच्या जिन्यानं चढणाऱ्याच्या शिक्षकाचा पगार त्याचा बाप देतो. कॅन्टीन मात्र एकच.

विद्यार्थ्यांत केळी बागायतदारांची मुलं आहेत आणि त्याच बागांत घड वाहणाऱ्या मजुरांचीही आहेत. डोंगरपट्ट्यातल्या पाड्यांवरून पावरा आणि तडवी या आदिवासी समाजांची मुलं येतात. गावातल्या किराणा-कापड दुकानदारांच्या मुली आहेत. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू झाली की वर्ग ओस पडतात, हे इथं कुणाला नवं नाही.

गेटवरचा फ्लेक्स

२०२४-२५चे प्रवेश सुरू असताना प्राचार्यांनी गेटवर एक फ्लेक्स लावला. मजकूर असा होता: ‘विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या प्रत्येकाच्या शिक्षणावर शासन दरवर्षी हजारो रुपये खर्च करते. याची जाणीव ठेवा. तासांना नियमित बसा.’

प्राचार्यांचा हेतू वाईट नव्हता. अनुदानित कॉलेजचं पगारबिल दर महिन्याला उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात जातं. त्यावर सही करताना खालचा बेरजेचा आकडा त्यांना दिसतो, आणि व्हरांड्यातून जाताना रिकामी बाकंही दिसतात. ज्याला दोन्ही दिसतं त्याच्या पोटात तुटणारच. पण मुलांना त्यातलं काहीच दिसत नाही. त्यांना दिसते ती ऑफिसच्या खिडकीतून मिळणारी फीची पावती.

फ्लेक्सचा फोटो त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर फिरला. खाली कुणीतरी लिहिलं, ‘हजारो म्हणजे नेमके किती? फ्लेक्सचा खर्च धरून का?’ हसण्यावारी गेलं असतं, पण तेवढ्यात ८ जुलैचा मुलींच्या शुल्कमाफीचा शासन निर्णय आला आणि दोन्हींची सरमिसळ झाली. बातम्यांत ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’ एवढंच मोठ्या अक्षरात होतं. प्रत्यक्षात निर्णय होता व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या मुलींचा. मुलगी आर्थिक दुर्बल, मराठा किंवा इतर मागास प्रवर्गातली हवी, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि माफी शिकवणी व परीक्षा शुल्कापुरती. बीएला येणाऱ्या मुलींचे वडील खिडकीशी येऊन विचारू लागले, “सरकार हजारो रुपये देतं असं गेटवर लिहिलंय, मग आमच्याकडून कसले घेता?” ऑफिसात ज्यांना सगळे नाना म्हणतात ते मुख्य लिपिक. त्यांचं दुपारचं जेवण त्या महिन्यात चारच्या आत कधी झालं नाही.

तिसरी प्रतिक्रिया जास्त टोकदार होती, आणि ती तृतीय वर्षाच्या मुलांकडून आली. “हे आत्ताच का सांगाया लागले? फी वाढवायची असंल.” हा संशय उगाच नव्हता. आपल्याकडे विद्यार्थ्याला त्याच्यावरच्या सरकारी खर्चाची आठवण करून देणारे कागद बहुधा फी वाढवण्याच्या शिफारशीपाशी येऊन थांबतात. १९९२-९३च्या न्यायमूर्ती पुन्नय्या समितीनं विद्यापीठांनी आधी आपल्या आवर्ती खर्चाचा १५ टक्के आणि दहा वर्षांत २५ टक्के भाग स्वतः उभा करावा, असं सुचवलं होतं. १९९७ साली केंद्रीय अर्थखात्यानं सबसिडीवर चर्चापत्र काढलं. सरकारनं पैसा घालणं रास्त, अशा सेवांत त्यानं प्राथमिक शिक्षण बसवलं आणि उच्च शिक्षण बाहेर ठेवलं. कॉलेजातल्या मुलांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. पण सरकारी उपकाराची भाषा कानावर पडली की मागोमाग काय येतं, हे शेतकऱ्याच्या पोराला वाचून कळावं लागत नाही.

फळ्यावरचा हिशेब

अर्थशास्त्राच्या सरांना फ्लेक्स आवडला नव्हता, पण त्यांची तक्रार वेगळी होती: त्यात आकडा नाही. तृतीय वर्षाला सार्वजनिक आयव्यय हा विषय तेच शिकवतात. त्यांनी वर्गाला सांगितलं, उद्या येताना आपापली फीची पावती घेऊन या. ज्यांनी हरवली त्यांनी मोबाइलवर फोटो मागवले. मी त्या तासाला मागच्या बाकावर बसलो होतो. शेजारी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या.

आधी पावती वाचली गेली. प्रवेश, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विद्यार्थी कल्याण निधी, विद्यापीठाचं नोंदणी शुल्क, परीक्षा शुल्क. या सगळ्या गर्दीत ‘शिकवणी शुल्क’ ही एक ओळ, आणि तिच्यापुढची रक्कम हजाराच्या आत. मुलांना पहिला धक्का इथंच बसला. आपण फी भरतो ती शिकवण्याची, असं सगळे धरून चालले होते. शिकवण्यापोटी घेतलेली रक्कम त्या पावतीत सगळ्यात किरकोळ निघाली.

मग सरांनी स्वतःचा पगार फळ्यावर लिहिला नाही. (मी असतो तर मीही लिहिला नसता.) त्यांनी वेतनश्रेणी लिहिली, जी कुणालाही बघता येते. सातव्या वेतन आयोगानुसार नव्यानं रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन महिन्याला ५७,७०० रुपये. वर्षाचे ६,९२,४००. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे त्यानं आठवड्याला १६ तास शिकवायचं, वर्षात ३० आठवडे. म्हणजे ४८० तास. एका मुलीनं मोबाइलवर भागाकार करून सांगितलं, “एक हजार चारशे बेचाळीस रुपये पन्नास पैसे.”

“कशाचे?”

“एका तासाचे, सर.”

वर्गात पटावर चाळीस मुलं. एकाच्या वाट्याला एका तासाचे छत्तीस रुपये. आठवड्याला वीस तास धरले तर वर्षाला सहाशे, म्हणजे २१,६०० रुपये. सरांनी बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं: फक्त मूळ वेतन. महागाई भत्ता त्या वेळी मूळ पगाराच्या निम्म्याला पोहोचला होता, तो यात नाही. घरभाडं नाही, ग्रंथपालाचा, शिपायाचा, नानांचा पगार नाही. इमारत नाही. इमारतीचा तर निराळाच इतिहास असतो. खानदेशातली जुनी कॉलेजं दानशूरांच्या आणि लोकवर्गणीच्या पैशावर उभी राहिली, १९४५ साली निघालेल्या अमळनेरच्या कॉलेजला प्रताप शेठजींचं नाव आहे ते त्यामुळंच. तो पैसाही मुलांच्या पावतीवर कुठं दिसत नाही.

कुणीतरी विचारलं, मोठ्या सरांचा तास केवढ्याचा? सहयोगी प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन १,३१,४००, आठवड्याला १४ तास. भागाकार आला ३,७५४. “सर, तुमचा तास बुडवणं परवडणार नाही,” मागून आवाज आला आणि वर्ग हसला.

हजेरीचा मुद्दा सरांनी काढलाच नाही, तो मुलांनीच काढला. त्या दिवशी वर्गात बारा जण होते. १,४४२ भागिले १२, म्हणजे १२० रुपये. एका मुलानं मात्र लगेच हरकत घेतली, आणि मला ती पूर्ण तासातली सगळ्यात हुशार हरकत वाटली: “मी आलो नाही म्हणून सरकारचे छत्तीस रुपये वाचतात का? तुमचा पगार तर तेवढाच राहतो.” सर म्हणाले, बरोबर, वाचत नाहीत. खर्च ठरलेला आहे, फक्त तो किती जणांच्या कामी आला एवढंच बदलतं. मुलगा थांबला नाही. त्यानं सांगितलं, वेचणीला गेलो तर किलोमागे रोख मजुरी हातात पडते, वर्गात बसलो तर ती बुडते, मग ती या हिशेबात कुठं आहे? सरांनी फळ्यावर तिसरा रकाना आखला: घरचं बुडालेलं. त्यात एसटीचा पासही गेला. विद्यार्थ्याच्या मासिक पासात महामंडळ दोन-तृतीयांश सवलत देतं, उरलेला एक भाग घरचा. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत असतो, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला तो सुटतो. किती मुलींचं कॉलेज तिथंच सुटतं, याचा हिशेब त्या वर्गात कुणाकडे नव्हता. एका मुलीनं आपल्या गावातल्या दोन मैत्रिणींची नावं घेतली, तेवढंच.

“आपण दोघं फुकटेच”

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते पुढच्या दहा मिनिटांत आहे.

वर्गात अनुसूचित जातीची एक मुलगी होती, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणारी. तिला आणि तिच्यासारख्यांना ‘तुमचं काय बुवा, तुम्हाला सगळं फुकट’ हे वाक्य अकरावीपासून ऐकायची सवय होती. ते म्हणणाऱ्यांतलाच एक, केळीवाल्या घरचा मुलगा, पहिल्या बाकावर बसून भागाकार करत होता. सरांनी तिला विचारलं नाही. त्यांनी शिष्यवृत्तीचे दर फळ्यावर लिहिले. केंद्राच्या २०२१च्या नियमांप्रमाणे बीएसारख्या पदवी अभ्यासक्रमाला, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाचा शैक्षणिक भत्ता ३,००० रुपये. वसतिगृहात राहणाऱ्याला ६,०००. त्यासाठी घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, जातीचा दाखला हवा, उत्पन्नाचा दाखला हवा, आधार जोडलेलं खातं हवं, आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरून तो कॉलेज आणि समाजकल्याण अशा दोन टेबलांवरून पुढं सरकायला हवा.

शेजारच्या रकान्यात २१,६०० होतेच. त्यासाठी कुठलाही दाखला लागत नाही. अनुदानित वर्गात नाव लागलं की ते आपोआप मिळतात, जात कुठलीही असो, बाप मजूर असो की बागायतदार. केळीवाल्या मुलानं दोन्ही आकड्यांकडे पाहिलं. तो काही बोलायच्या आत ती म्हणाली, “म्हणजे आपण दोघं फुकटेच.” सगळे हसले, तोही.

फ्लेक्समध्ये हेच नव्हतं. ‘शासन तुमच्यावर खर्च करते’ असं वाचलं की प्रत्येकाच्या मनात शिष्यवृत्तीवाला येतो, कारण त्याच्या वाट्याचा पैसा अर्ज, यादी, सूचनाफलक असा चारचौघांत फिरत येतो. पगाराच्या वाटेनं येणारं अनुदान कितीतरी मोठं असतं, पण ते कुणाच्या नावावर जमा होत नाही म्हणून ते घेणाऱ्याला आपण काही घेतलं असं वाटत नाही. मुलांना अनुदानाची माहिती द्यायची तर ती या दडलेल्या भागापासून द्यायला हवी. शिष्यवृत्तीपासून सुरुवात केली तर माहिती जाते काही मुलांच्या अंगावर, आणि उरलेले बघे होतात.

मग पावरा समाजाचा एक मुलगा उठला. तो एरवी फार बोलत नसे. इतर मुलांच्या शेजारी बसून त्याची अहिराणी, ही खानदेशची बोली, पक्की झाली होती. “मंग हाऊ पैसा कोना शे, सर?” हा पैसा मुळात कुणाचा?

सरांनी खिशातून घरपट्टीची पावती काढली. नगरपरिषदेच्या पावतीवर ‘शिक्षण कर’ आणि ‘रोजगार हमी कर’ अशा ओळी असतात. हे कर १९६२च्या कायद्यातले, पालिका गोळा करते आणि राज्याकडे भरते. मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा घरपट्टी वाचली. प्राप्तिकर भरणाऱ्याकडून ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर केंद्र घेतं, तेही सांगून झालं. पण पाड्यावर घरपट्टी कुठली आणि प्राप्तिकर कुठला? तेव्हा सरांनी त्याला विचारलं, रिचार्ज किती रुपयांचा मारतोस? २९९. त्यात १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ४५ रुपये ६० पैसे, निम्मे केंद्राचे आणि निम्मे राज्याचे. तुझी आई साबण घेते, बाप पंपाला डिझेल घेतो. पगाराचं बिल निघतं ते यातूनच.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढं, केलेल्या निवेदनाचा विषय इथं निघाला नसता तर नवल. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यातला मोठा वाटा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, ही त्यांची तक्रार होती. सरांनी एवढंच विचारलं की आज या वर्गात कोण बसलंय, आणि गावातलं कोण बसलेलं नाही. उत्तर त्यांनी दिलं नाही, तास संपला.

मागच्या बाकावरची अडचण

तास सुटल्यावर मॅडम मला म्हणाल्या, “गणित चुकलंय. म्हणजे गणित बरोबर आहे, पगार चुकलाय.”

त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि ते मुलांच्याही लक्षात आलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी दोघी-तिघींनी सरांना तेच विचारलं. त्या वर्गाचे बरेच तास तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात. त्यांना तासाप्रमाणे मानधन, तेही महिनोन्महिने उशिरानं. सुट्टीचा पगार नाही, उन्हाळ्यात काही नाही. पूर्णवेळ प्राध्यापक निवृत्त होतात, जागा भरली जात नाही, आणि तीच शिकवणी कितीतरी कमी पैशात उरकली जाते. मग मुलांच्या वाट्याला खरंच २१,६०० आले का? कागदावर मंजूर पदाप्रमाणे आले, वर्गात त्यापेक्षा बरेच कमी.

सरांनी हिशेब दोनदा मांडला, एकदा सगळी पदं भरलेली धरून आणि एकदा जसं आहे तसं. दुसरा आकडा इथं देत नाही, त्यावरून कॉलेज ओळखू येईल. पण या दुसऱ्या हिशेबानंतर प्राचार्य अस्वस्थ झाले. जाणीव ठेवा म्हणून सांगायला गेलो आणि मुलं उलट आम्हालाच विचारायला लागली, ही त्यांची भावना. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, असले आकडे वर्गाबाहेर नकोत.

सरांनी माहितीच्या अधिकाराचा कायदा पुढं ठेवला, २००५चा. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी संस्था त्यात सार्वजनिक प्राधिकरण ठरते. कलम ४ प्रमाणे अशा संस्थेनं कुणी मागायच्या आतच आपला अर्थसंकल्प, आणि अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम आली, लाभ कुणाला मिळाला, हे प्रसिद्ध करायचं असतं. म्हणजे फ्लेक्सवर जे उपकारासारखं लिहिलं होतं ते सांगणं कॉलेजचं कर्तव्यच होतं, आणि आकड्यासकट. प्राचार्य माणूस सरळ. कायदा वाचून झाल्यावर त्यांनी वाद घातला नाही. फ्लेक्स मात्र गणपतीपर्यंत तसाच राहिला, मग शुभेच्छांच्या फ्लेक्सखाली झाकला गेला.

रकाना छापला तेव्हा

पुढच्या वर्षी, २०२५-२६च्या प्रवेशाला, फीच्या पावतीत दुसरा रकाना छापायचं ठरलं. डावीकडं ‘विद्यार्थ्याने भरले’, उजवीकडं ‘शासनाचा वाटा’. कल्पना सरांची, छपाई नानांची.

पहिल्याच आठवड्यात केळीच्या वखारीवर काम करणारे एक गृहस्थ पावती घेऊन खिडकीशी आले. चेहरा उतरलेला. मुलीचं नाव काढून टाका म्हणाले. उजवीकडचा मोठा आकडा त्यांनी बाकी समजला होता, अजून भरायची. नानांनी त्यांना आत बसवलं, चहा मागवला आणि समजावलं, पण ते पटायला वेळ लागला, कारण सरकारी कागदावर छापलेली रक्कम आपल्याला द्यायची नसते हा त्यांचा आजवरचा अनुभवच नव्हता. त्यानंतर उजव्या रकान्याच्या डोक्यावर ठळक अक्षरात ‘ही रक्कम भरायची नाही’ असा शिक्का मारला गेला. या एका घटनेवरून मला वाटतं, असा कुठलाही कागद छापण्याआधी तो प्राध्यापकांना दाखवू नये, एखाद्या पालकाच्या हातात द्यावा.

मागच्या इमारतीतल्या बीसीएच्या मुलांच्या पावतीवर उजवा रकाना कोरा राहिला. त्यांनी विचारलं, आमचा का कोरा? उत्तर सोपं आणि बोचणारं होतं. तुमच्या शिक्षकांचा पगार सरकार देत नाही, तुम्ही देता. पण ‘सरकार काहीच देत नाही’ हेही खरं नव्हतं, कारण तिथल्या अनेकांना शुल्क परताव्याच्या योजना लागू होत्या: राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, मुलींची माफी, मागास प्रवर्गांचा परतावा. अनुदानित वर्गात सरकारी पैसा शिक्षकाकडून येतो, विनाअनुदानित वर्गात तो विद्यार्थ्याच्या अर्जाकडून येतो. पहिल्यात अर्ज चुकला तर शिक्षण थांबत नाही. दुसऱ्यात चुकला तर घरावर हजारोंचा बोजा पडतो. माहितीची जास्त गरज मागच्या जिन्यानं चढणाऱ्यांना होती, आणि फ्लेक्स लागला होता पुढच्या गेटवर.

तिथून काम नानांच्या टेबलाकडे सरकलं. कोऱ्या रकान्याच्या जागी तीन रिकाम्या चौकटी छापल्या: अर्ज केला, मंजूर झाला, पैसे कुठल्या खात्यात आले. तिसरी चौकट फालतू वाटेल, पण खरा गुंता तिनंच उघड केला. एका आदिवासी मुलाच्या अर्जापुढं पोर्टलवर रक्कम जमा दाखवत होती आणि पासबुक कोरं. यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयापर्यंत जाऊन यायची त्याची तयारी होती. नानांनी आधी त्याला बँकेत पाठवलं. निघालं असं की मोबाइलचं सिम घेताना दुकानदारानं त्याच्या अंगठ्यावर दुसरंच एक खातं उघडलं होतं. आधार क्रमांकावर पाठवलेली रक्कम त्या क्रमांकाशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही. पैसे सुखरूप होते, पण असं खातं आपल्या नावावर आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. अशीच आणखी प्रकरणं निघाली. ‘परत पाठवला’ असा शेरा पडून महिनोन्महिने लटकलेले अर्जही निघाले, मुलांनी एकदा भरून पुन्हा लॉगिनच केलेलं नव्हतं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या काहींना स्वयंम, स्वाधार किंवा सावित्रीबाई फुले आधार योजनेतून राहण्या-खाण्याचे पैसे मिळू शकतात, हे तिसऱ्या वर्षाला येऊन कळलं.

हजेरीचं काय झालं? फ्लेक्सचा मूळ हेतू तोच, म्हणून सांगतो. छत्तीस रुपयांच्या तासानंतर काही आठवडे वर्ग भरलेले दिसले. वेचणी लागल्यावर पुन्हा तेच. आकडा कळल्यानं घरची मजुरीची गरज मिटत नाही, आणि ती मिटेल अशी अपेक्षा ठेवणंही चूक. बदल वेगळ्या जागी दिसला. महिनाभर ग्रंथालय दुपारी बंद राहिलं तेव्हा मुलं प्राचार्यांकडे गेली आणि ग्रंथपालाचं पद भरलेलं आहे की रिक्त, हे विचारून आली. आधी ती ‘ग्रंथालय बंदच असतं’ म्हणून परत फिरायची.

दुसऱ्या कुणाला हे करून पाहायचं असेल तर सरांचं सांगणं असं: वेतनश्रेणी आणि तासांचा नियम घेऊन मुलांकडूनच भागाकार करून घ्या, तयार आकडा देऊ नका. शिष्यवृत्तीचा रकाना पगाराच्या रकान्यानंतर लिहा, आधी नाही. रिक्त पदांचा प्रश्न येणारच, तेव्हा मंजूर आणि भरलेल्या पदांचा तक्ता ऑफिसातून आधीच मागून ठेवा. नानांची सूचना एकच आहे. खातं आधारशी कुठं जोडलंय ते बँकेत जाऊन जुलैतच बघून घ्यायला लावा, दिवाळीनंतर पोरं वेचणीत असतात आणि बँकेतही उभं राहायला जागा नसते.